दाखल्यावर न येणारी बुरशी

आयसीयूतल्या फाईली वाचायची वेळ आमच्यावर अधूनमधून येते. बहुतेक वेळा निमित्त बिलाचं असतं. लोक जाडजूड फाईल टेबलावर टाकतात आणि म्हणतात, बघा किती लुटलंय. बिल मी बघतोच, पण हल्ली शेवटची पानं आधी उघडतो. फाईलच्या सुरुवातीला आजाराचं नाव ठळक असतं. पक्षाघात, अपघात, न्यूमोनिया, आतड्याचं ऑपरेशन. पंधरा-वीस दिवसांनंतरच्या पानांवर ते मागे पडतं आणि 'सेप्सिस' हा शब्द येतो. मग मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ भरला जातो. त्यावर 'सेप्टिक शॉक, मल्टिऑर्गन फेल्युअर'. म्हणजे संसर्ग रक्तात गेला आणि एकेक अवयव बंद पडला. संसर्ग कशाचा होता, हे मात्र त्या कागदावर नसतं. आम्ही 'अज्ञात वाहनाची धडक' अशी बातमी देतो ना, तसाच प्रकार. फरक इतकाच की तिथे पोलीस निदान वाहन शोधायला निघतात.

या अज्ञात वाहनांपैकी एकाचं नाव आज लिहितोय. कँडिडा ऑरिस. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदलून कँडिडोझायमा ऑरिस केलं, त्यामुळे रिपोर्टवर दोन्हींपैकी कुठलंही दिसलं तरी प्राणी एकच.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कुणी ही पोस्ट 'सावधान!!!' असं वर लिहून फॅमिली ग्रुपवर टाकणार नाही. तुम्ही-आम्ही हिंडतो-फिरतो, आपल्याला यापासून घाबरायचं काही कारण नाही. धडधाकट माणसाच्या कातडीवर ही बुरशी बसली तरी सहसा काही करत नाही. तिची शिकार ठरलेली आहे. व्हेंटिलेटरवरचा माणूस, मानेत सेंट्रल लाईन आणि लघवीला नळी असलेला माणूस, कमी दिवसांचं बाळ, केमोथेरपीवरचा पेशंट, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक खाल्लेला मधुमेही. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण शेत गहाण टाकून आयसीयूच्या दारात बसतो, तीच माणसं.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. पाव फुगतो तो यीस्टमुळे, ताडी आंबते तीही यीस्टमुळे. कँडिडा हा त्यातलाच एक गट, आणि त्यातल्या काही जाती आपल्या तोंडात, आतड्यात कायम मुक्कामाला असतात. लहान बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो, तो बहुधा यांचाच उद्योग. ऑरिस या घरच्या मंडळींपैकी नाही. २००९ मध्ये जपानमध्ये सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कानातून घेतलेल्या नमुन्यात ती पहिल्यांदा ओळखली गेली. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. पुढे जुने साठवलेले नमुने तपासले तेव्हा दक्षिण कोरियातला १९९६ चा एक नमुनाही तिचाच निघाला. आणि मग काही वर्षांतच भारतीय उपखंड, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी ती जवळपास एकाच वेळी उगवली. जनुकं तपासली तर प्रत्येक ठिकाणचं घराणं वेगळं. म्हणजे एका देशातून विमानात बसून सगळीकडे गेली, असा सोपा खुलासा इथे चालत नाही. वाढत्या तापमानाशी जुळवून घेताना या बुरशीला माणसाच्या शरीराची ऊब सोसायला लागली असावी, असा एक तर्क अमेरिकेतले आर्तुरो कासादेवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला. तर्कच आहे तो. पण बहुतेक बुरश्यांना आपल्या अंगाचं तापमान झेपत नाही आणि ही ४२ अंशांतही वाढते, हे प्रयोगशाळेतलं सत्य आहे.

आपल्या देशाचा संबंध इथे उगाच ओढून आणलेला नाही. दिल्लीतल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी यांनी २०१३ मध्येच दिल्लीतल्या दोन हॉस्पिटलांमधले १२ पेशंट नोंदवले होते. जग या बुरशीकडे नीट बघायला लागलं २०१६ नंतर. पुढे याच गटाला अंदमानच्या किनाऱ्यावर, खाजणातल्या मातीत ती सापडली. नंतर साठवणुकीतल्या सफरचंदांच्या सालीवर सापडली, ६२ पैकी ८. (सफरचंद खाऊन कुणाला हा आजार झाला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. धुऊन खा आणि विषय सोडा. बुरशीनाशक मारलेल्या फळांवर औषधाला न जुमानणारी बुरशी तग धरत असेल का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि द्राक्षबागेत हंगामभर भुरीसाठी फवारे मारणाऱ्या आपल्या राज्यानं तो कधीतरी स्वतःला विचारायला हवा. त्यावर वेगळं लिहीन.)

आता औषधाचं. बॅक्टेरियावर अँटिबायोटिकचे डझनावारी प्रकार आहेत. बुरशीवर तसं नाही, कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीसारखीच असते. बुरशीला विष द्यायचं तर ते आपल्यालाही बाधायची भीती. म्हणून रक्तात गेलेल्या यीस्टसाठी मुख्यतः तीनच घराणी हाताशी उरतात. पहिलं फ्लुकोनाझोलचं. ही १५० ची गोळी तुमच्या माहितीची आहे. खाज सुटली, अंगावर चट्टा आला की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो तीच. दुसरं अ‍ॅम्फोटेरिसिन बी. २०२१ मध्ये म्युकरच्या वेळी याच्याच एका कुपीसाठी आपल्यातले कितीतरी जण जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर रात्रभर उभे होते. किडनीला जड पडतं. तिसरं एकायनोकँडिन. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन वगैरे त्यातली नावं. महाग, शिरेतून द्यायचं, आणि आज ऑरिसवर पहिल्यांदा वापरायचं औषध हेच.

भारतातल्या १० हॉस्पिटलांमधले ऑरिसचे ३५० नमुने डॉ. चौधरींच्याच गटानं तपासले, त्याचे आकडे २०१८ मध्ये छापून आले. ९० टक्के नमुन्यांना फ्लुकोनाझोल लागू पडत नव्हतं. अ‍ॅम्फोटेरिसिनला ८ टक्के दाद देत नव्हते, एकायनोकँडिनला २ टक्के. हे आकडे दोनदा वाचा. वरवर भीतीदायक वाटतात, पण माझ्या मते त्यात आशेचीच बाजू मोठी आहे. ९८ टक्के नमुन्यांवर चालेल असं एक औषध आहे. फक्त समोर ऑरिस आहे हे डॉक्टरला वेळेत कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर हात सवयीनं फ्लुकोनाझोलकडे जातो, आणि दहातल्या नऊ वेळा ते म्हणजे सलाईनमध्ये पाणी सोडल्यासारखं.

आणि कळतच नाही, ही खरी गोम आहे. साध्या लॅबमध्ये रक्ताचं कल्चर लावलं की रिपोर्ट येतो 'यीस्ट ग्रोन'. झालं. कुठलं यीस्ट ते लिहायची सोय नाही. काही ठिकाणी ओळख पटवणारं स्वयंचलित यंत्र असतं, पण तेही फसतं. २०१५ चा एक भारतीय अभ्यास आहे. यंत्रानं दुसऱ्याच जातींची नावं लावलेले १०२ नमुने जनुकीय तपासणीनं पुन्हा पाहिले, तर त्यातले ९० ऑरिस निघाले. यंत्रांची माहिती नंतर सुधारली, अचूक ओळखणारी माल्डी-टॉफ यंत्रं मोठ्या संस्थांमध्ये आली. पण जिल्ह्याच्या गावी पन्नास खाटांचं हॉस्पिटल, त्यात आठ खाटांचं आयसीयू, आणि कल्चर शेजारच्या गल्लीतल्या कलेक्शन सेंटरवर जातंय, अशा ठिकाणी काय होत असेल?

काय होतं ते एका फाईलमध्ये दिसलं. गाव, हॉस्पिटल, कुणाचंच नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक, मधुमेह, पक्षाघात झाला म्हणून जिल्ह्याच्या खासगी आयसीयूत दाखल. तीन आठवडे व्हेंटिलेटर. अठराव्या दिवशी ताप, कल्चरमध्ये 'यीस्ट', आणि त्या दिवसापासून फ्लुकोनाझोल सुरू. सहा दिवस ताप हटला नाही. मग अ‍ॅम्ब्युलन्सनं मोठ्या शहरात हलवलं. सोबत दिलेल्या कागदावर 'सेप्सिस, अँटिफंगल चालू' एवढंच. तिथे गेल्या गेल्या पुन्हा कल्चर लावलं आणि तिसऱ्या दिवशी नाव आलं. फ्लुकोनाझोलपुढे 'आर', मायकाफंजिनपुढे 'एस'. औषध बदललं. चार दिवसांनी गुरुजी गेले. मुलगा मला म्हणाला, "कँडिडा ऑरिस हे मला औषधाचंच नाव वाटलं होतं. मी खाली मेडिकलमध्ये जाऊन विचारलं, हे इंजेक्शन आहे का म्हणून." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दाखल्यावर अर्थातच सेप्टिक शॉक.

योग्य औषध आधी मिळतं तर ते वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. असे पेशंट मुळातच इतके नाजूक असतात की बुरशीनं मेले की बुरशीसकट मेले, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही. ऑरिस रक्तात गेलेल्यांपैकी साधारण ३० ते ६० टक्के दगावतात, असं वेगवेगळ्या देशांतले अहवाल सांगतात. बुरशी त्यांना कुठल्या खाटेवर लागली हेही मला सिद्ध करता येणार नाही. पण दोन गोष्टी कागदावर आहेत. सहा दिवस जे औषध चालू होतं ते या बुरशीला लागू नव्हतं. आणि अ‍ॅम्ब्युलन्समधून पेशंटबरोबर बुरशीही नव्या हॉस्पिटलात गेली, तिथल्या कुणालाही आगाऊ सूचना न देता.

ही दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. कारण ऑरिसचा खरा हातखंडा पसरण्यात आहे. बाकीचे कँडिडा बहुतेक करून पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातूनच रक्तात जातात. ही मात्र कातडीवर ठाण मांडते, खाटेच्या कठड्यावर, गादीवर, मॉनिटरच्या वायरवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते आणि एका पेशंटवरून दुसऱ्यावर जाते. रोजच्या वापरातली काही जंतुनाशकं तिच्यावर पुरेशी चालत नाहीत, क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड लागतं. वॉर्डात शिरल्यावर फिनाईलचा वास आला की आपल्याला स्वच्छ वाटतं, पण या वासाचा आणि ऑरिस मरण्याचा काही संबंध नाही.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं उदाहरण आपल्या प्रत्येक आयसीयूच्या भिंतीवर लावावं असं आहे. तिथल्या मेंदूविकाराच्या आयसीयूत २०१५ ते २०१७ दरम्यान ७० जणांमध्ये ऑरिस सापडली. एवढं मोठं विद्यापीठ, सगळी साधनं, तरी थांबेना. शेवटी शोधता शोधता सापडला तो काखेत लावायचा थर्मामीटर. एका पेशंटचं तापमान घेऊन, पुसून, दुसऱ्याला लावायचं ते उपकरण. ती उपकरणं काढून टाकली आणि साथ ओसरली. आता तुमच्या ओळखीच्या आयसीयूत जाऊन मोजा, आठ खाटांना बीपीचे पट्टे किती आहेत. मी मोजलेत. एका ठिकाणी तीन होते. नव्या इमारतीच्या काचा मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत निळ्या.

प्रत्येक खाटेला वेगळा पट्टा, वेगळा स्टेथोस्कोप, वेगळा थर्मामीटर, नर्सच्या हाताला अल्कोहोल, नको असलेली नळी त्या दिवशीच काढणं, यातलं काहीच कोटींच्या घरातलं नाही. यंत्रं महाग आहेत, मान्य. पण प्रत्येक गावात यंत्र कुणी मागतंय? क्षयरोगाचा थुंकीचा नमुना तालुक्यावरून सीबीनॅटला जातो की नाही? तसंच कल्चरमध्ये उगवलेलं यीस्ट जवळच्या मेडिकल कॉलेजला पाठवायची आणि तिथून नाव परत यायची सोय राज्याला करता येईल. खासगी हॉस्पिटलांना त्यासाठी पैसे आकारले तरी चालतील, ते बिलात लावतीलच. निदान त्या ओळीचा तरी काही उपयोग होईल.

मग हे होत का नाही? एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. नाव छापू नका म्हणाले. म्हणाले, "रेफर करताना ऑरिस लिहिलं तर समोरचं हॉस्पिटल बेड नाही म्हणतं. पेशंट अ‍ॅम्ब्युलन्समध्येच फिरत राहतो. न लिहिणं हा आमचा लबाडपणा नाही हो, पेशंटला बेड मिळवायची युक्ती आहे." यातलं अर्धं मला पटतं. उरलेलं अर्धं असं आहे की आपल्या आयसीयूत ही बुरशी आहे हे गावात कळलं तर उद्या ओपीडी रिकामी. आणि गावात कळवणार कोण? जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांच्या डॉक्टर्स डेच्या पुरवण्या कुणाच्या जाहिरातींवर निघतात हे वेगळं सांगायला नको.

लपवाछपवी हा काही आपलाच वारसा नाही. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टनसारख्या नामवंत हॉस्पिटलात २०१५-१६ मध्ये पन्नास पेशंटपर्यंत ऑरिस पोचली, तेव्हा तिथेही गाजावाजा न करण्याकडेच कल होता. अमेरिकेत तर २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं या गुप्ततेवरच मोठी मालिका केली. पण फरक बघा. तिथे हॉस्पिटलची नावं झाकली गेली तरी मोजणी थांबली नाही. त्यांच्या सीडीसीनं २०२२ मध्ये आजारी पडलेल्यांच्या २,३७७ केसेस नोंदवल्या, २०२३ मध्ये ४,५१४. दुपटीला टेकलेला आकडा आहे, लाजिरवाणा आहे, तरी त्यांनी तो जाहीर केला. महाराष्ट्राचा २०२३ चा आकडा काय? कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका. देशातल्या २७ आयसीयूंचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १९ ठिकाणी ऑरिस सापडली होती. त्याच वर्षी आयसीएमआरनं हॉस्पिटलांसाठी सूचनापत्रकही काढलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरश्यांची यादी केली, त्यात सर्वांत वरच्या चारांत ही आहे. म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायला कुणालाच जागा नाही.

आणि मोजणी आपल्याला येत नाही असंही नाही. मे २०२१ मध्ये म्युकरची प्रत्येक केस कळवणं बंधनकारक करा असं पत्र केंद्रानं राज्यांना पाठवलं आणि आठवड्याभरात जिल्हावार आकडे येऊ लागले. तेव्हा हे झालं कारण म्युकर दिसत होता. डोळा काढलेला, टाळू काढलेला माणूस फोटोत दिसतो. ऑरिस दिसत नाही. ती फक्त मॉनिटरवरचा बीपी खाली आणते. पण कोविडच्या पहिल्याच लाटेत, एप्रिल ते जुलै २०२० दरम्यान, दिल्लीच्या एका आयसीयूत ज्या १५ कोविड पेशंटच्या रक्तात कँडिडा सापडला, त्यातल्या दोन तृतीयांश जणांत तो ऑरिस होता, आणि त्यातले ६० टक्के गेले. त्यांच्या घरच्यांना आजही वाटत असेल, कोविडनं नेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑरिसची प्रत्येक केस म्युकरसारखी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कळवणं सक्तीचं करा. रेफरच्या कागदावर बुरशीचं नाव लिहिणं सक्तीचं करा आणि त्या कारणावरून बेड नाकारणाऱ्यावर कारवाई ठेवा. दोन्ही एकदम, नाहीतर तो डॉक्टर म्हणतो तेच होणार. हॉस्पिटलचं नाव लगेच पेपरात यावं असा माझा आग्रह नाही. पत्रकार असून म्हणतोय, कारण पहिल्यांदा खरं कळवणाऱ्यालाच आपण झोडपलं तर दुसरा कधीच कळवणार नाही. पण नातेवाइकांना सांगितलंच पाहिजे. तिथे कसलीही सबब नको.

सरकार हलेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते सांगतो. घरातलं कुणी आयसीयूत असेल आणि 'फंगल' हा शब्द कानावर आला, तर डॉक्टरांना भांडणाच्या नव्हे, साध्या सुरात विचारा: कल्चर लावलं का, यीस्टची जात कोणती आली, कुठलं औषध लागू आहे याचा रिपोर्ट आला का. दुसरीकडे हलवताय तर कल्चरच्या सगळ्या रिपोर्टची झेरॉक्स स्वतःच्या पिशवीत ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या. पेशंटचे कागद लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. भेटायला आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची चादर सारखी करायचा मोह टाळा.

गेल्या दोन-तीन वर्षांतली अशी फाईल तुमच्या घरात असेल आणि तिच्यात 'यीस्ट', 'कँडिडा' किंवा 'ऑरिस' यापैकी एखादा शब्द असेल, तर त्या पानाचा फोटो मला इनबॉक्स करा. पेशंटचं नाव झाकून पाठवा. किती कागद जमतात ते बघून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकणार आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे, आकडा टाकायची जागा रिकामी ठेवलीय.